अर्धी गोळी

२० जानेवारी २०२५, सोमवार

आमच्या घरात सोमवार हिशेबात धरायचाच नाही. रविवारी रात्री जेवल्यावर मैना आठवड्याच्या पिवळ्या गोळ्या घेते आणि सोमवार त्या गोळ्या घेऊन जातात. मळमळ, तोंडाला चव नाही, हात उचलायचा म्हटला तरी विचार करावा लागतो. मंगळवारी दुपारी ती थोडी परत येते. दोन वर्षं असंच चाललंय. संधिवात म्हटलं की लोकांना म्हाताऱ्यांचे गुडघे आठवतात. हा तसला नव्हे. बाईचं शरीर तिच्याच सांध्यांवर उठलंय, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं.

रस्त्यावरून ट्रेलर गेला तर मी घरात बसून सांगतो, क्लच प्लेट गेलीय की बेअरिंग. क्लीनर म्हणून चढलो तेव्हापासूनचे हे कान. मिठागरावरच्या माणसाचा मी पोरगा, द्रोणागिरीला गॅरेज टाकलं ते याच कानांवर. मैनाचंही मला ऐकूनच कळतं. सकाळी बांगड्या भिंतीला घासल्याचा आवाज आला की समजायचं, आज भिंत धरून चालतेय.

आज मालूताई, माझी मोठी बहीण, दारात. "मैना कुठंय?"

"सोमवारचा उपास आहे. पडलीय जरा."

"उपास धरते तं देवलात कशी दिसत नाय कवा?"

आमच्या सगळ्या विचुंबे गावाला वाटतंय मैना शंकराची मोठी भक्त झालीय. दोन वर्षं मी हेच सांगत आलोय. खोटं माझं आणि त्यात देवाला गुंतवलंय. कुणाला सांगता येत नाही म्हणून ही वही.

२४ जानेवारी, शुक्रवार

मैनाच्या डॉक्टरकडे, दिपिका मॅडमकडे जाऊन आलो. वयाने माझ्या पोरापेक्षा, धनेशपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण तिच्यासमोर मी खुर्चीच्या टोकावर बसतो. मैनाचा सुजलेला चेहरा बघितला, बोटं एकेक दाबून बघितली, साखरेचा रिपोर्ट वाचला.

"स्टेरॉइड आता पाचवरून अडीचवर आणू या. म्हणजे पाचची अर्धी गोळी. रोज सकाळी, नाश्त्यानंतर."

मी म्हटलं, "मॅडम, पंधरा फेब्रुवारीला धनेशची हळद आहे. लग्न होऊ द्या, मग कमी करा."

"काका, लग्न तुमच्या मुलाचं आहे, हाडं यांची आहेत."

मग मला लहान मुलासारखं समजावलं. ही गोळी मनाने वाढवायची नाही आणि एकदम बंद तर कधीच करायची नाही. इतके महिने घेतल्यावर शरीर स्वतःचं ते रसायन बनवायचं विसरतं, अचानक बंद केली तर माणूस कोसळतो. मी मान डोलावली. हळदीला काय करायचं तेही सांगितलं. खुर्ची द्या, दुपारी दोन तास झोपू द्या, आणि लोकांना आजार सांगा. लपवून थकवा कमी होत नाही.

गाडीत मैना म्हणाली, "लोकांना काय सांगाचा?"

"काही नाही. बघू."

सात कप्प्यांची डबी आहे तिची. सकाळी तिच्या बोटांना गोळीचं पाकीट फुटत नाही, म्हणून दर रविवारी मीच भरतो. नट-बोल्ट वेगळे ठेवायची सवय. अर्ध्या गोळ्या ब्लेडने कापल्या. एकीचाही चुरा झाला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

हळदीचे तांदूळ निवडायला बायका आल्या होत्या. आपट्याहून भाविकाची आईही आली, होणारी विहीण. मी बाहेर ओट्यावर मांडववाल्याशी बोलत होतो. आत बायकांचं हसणं चाललं होतं, त्यात मैनाचं ऐकू येईना. मग मालूताईचा आवाज आला.

"गो वरमाय! लगीन लागायच्या आदीच झोपली?"

सूप मांडीवर घेऊन मैना बसल्या बसल्या झोपली होती. बायका हसल्या. विहीणबाई हसल्या नाहीत, ते मला जास्त ऐकू आलं. मग ताई खालच्या आवाजात, तिला वाटतं तो खालचा आवाज आहे, "भावाचा गॅरेज मोठा झाला ना, आता हिचा हात उठत नाय."

मी आत गेलो आणि हसत म्हटलं, "अहो, काल दिवसभर पत्रिकांवर नावं लिहीत होती. डोळा लागला असेल."

मैनाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. जिला पेन धरून एक ओळ लिहिता येत नाही, तिच्याकडून मी चारशे पत्रिका लिहवून घेतल्या. तिने सूप सरळ केलं आणि निवडायला लागली. दोन मुठी झाल्या असतील. तिची बोटं माझ्याच्याने बघवली नाहीत, म्हणून मी परत मांडववाल्याकडे गेलो. खरं तर आत असतानाच तिला उठवायचं होतं, 'चल, आत जाऊन झोप' म्हणायचं होतं. विहिणीसमोर तोंड उघडलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मैना म्हणाली, "कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुनी औषधं पडलीत. तेवडी बगा. टाकून द्यायची हायत."

स्टूलवर चढलो. पट्टे, मलमं, सुरुवातीच्या दिवसांतली पाकिटं. त्यात स्टेरॉइडची दोन अख्खी पाकिटं, दहा नंबरची, म्हणजे एकेक गोळी आताच्या अर्धीच्या चौपट. वीस गोळ्या. तारीख संपलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी या गोळ्या पहिल्यांदा दिल्या होत्या, रोज दोन. महिनाभर अंथरुणात असलेली बाई तिसऱ्या दिवशी उठून बोंबलाचं कालवण करायला लागली होती. मी गॅरेजवर पेढे वाटले होते.

पाकिटं हातात घेऊन किती वेळ स्टूलवर उभा होतो. घाट चढायच्या आधी ड्रायव्हर गिअर बदलतो, जास्त डिझेल जाळतो. घाट संपला की परत सपाटीची चाल. दहा दिवसांचाच तर घाट आहे.

पाकिटं खिशात टाकली. बाकीचं कचऱ्यात.

"झाला?" मैनाने विचारलं.

"झालं."

९ फेब्रुवारी, रविवार

नाश्त्यानंतर तिच्या तळहातावर दोन अख्ख्या गोळ्या ठेवल्या. तिने हात डोळ्यांजवळ नेला, थोडा वेळ बघितलं, म्हणाली, "पानी द्या." गिळल्या. फरक कळला नाही तिला. हल्ली डोळ्यांनीही कमीच दिसतं.

रात्रीच्या पिवळ्या गोळ्या डबीत ठेवल्या नाहीत. लग्नाच्या आठवड्यात सोमवार-मंगळवार वाया घालवून कसं चालेल? त्याही तिने मागितल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भिंतीला बांगड्या घासल्याचा आवाज येत नाही. आज सकाळी पायऱ्यांवर तिची पावलं ऐकली, दोन पायऱ्या एकदम. धनेश म्हणाला, "आई एकदम रिचार्ज झाली, पप्पा!" स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवून पुसले, मांडववाल्याला झापलं, मलाही झापलं. गाल लाल झालेत. झोप फार कमी, भूक फार. भाताचा टोप रिकामा करते आणि परत काही आहे का बघते.

मी खूश आहे. तरी रोज रात्री खिशातलं पाकीट काढून उरलेल्या गोळ्या मोजतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस लिहायला सवड नव्हती. हळद झाली, लग्न झालं, सून घरात आली.

हळदीला दोन हजार पान उठलं असेल. मैना हिरव्या नऊवारीत. विहिरीवरून पाणी आणायला बायका वाजत-गाजत निघाल्या तेव्हा भरलेली घागर घेऊन ती सगळ्यांच्या पुढे. धवलारीण रंभाआजी लग्नाची गाणी म्हणते, तिच्या शेजारी मांडी घालून हिने प्रत्येक ओळ उचलून धरली. तो आवाज मी दोन वर्षं ऐकला नव्हता. मग बेंजो सुरू झाला आणि मैना नाचली. मालूताईचा हात धरून तिलाही नाचवलं. ताईला धाप लागली.

"बस गो बाई, तुला काय झालाय काय? मना वाटला तू आजारी बिजारी हायस!"

"मना? मना काय झालाय?" मैना म्हणाली. आणि माझ्याकडे बघून हसली. "बगा, कशी नाचली तुमची मैना?"

लोक येऊन मला सांगत होते, काशिरामशेठ, वहिनी जोरात! मी हात जोडत होतो. ट्रॉलीवर खोटं वजन दाखवून निघालेला माणूस वजनकाट्यावरच्या बाबूला हात जोडतो, तसे.

काल लग्न लागताना बघितलं, तिने भाविकाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि तो हात नंतर कितीतरी वेळ दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल वीस गोळ्या संपल्या. आता परत अर्धीवर यायला हवं. पण दहा दिवस इतकं भरलंय अंगात, टाकी फुल आहे. चार-पाच दिवस काहीच नाही दिलं तर हिशेब बरोबर होईल, हाडांनाही तेवढाच आराम. रविवारपासून अर्धी सुरू करू. डबीच्या कप्प्यांत तेवढी एक गोळी टाकली नाही. बाकीच्या गोळ्या आहेत.

मॅडमला फोन करावा असं एकदा मनात आलं. काय सांगणार होतो?

२३ फेब्रुवारी, रविवार

पनवेलच्या हॉस्पिटलमधून लिहितोय, बाकड्यावर बसून.

गुरुवारी ती म्हणाली अंग दुखतंय. मी म्हटलं लग्नाचा शीण. शुक्रवारी उलट्या. म्हटलं लग्नाचं जेवण. काल सकाळी न्हाणीघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. गॅरेजमध्ये जॅकवरून गाडी सुटते तेव्हा मी आवाजावरून सांगतो, माणूस खाली होता की नाही. कालच्या आवाजाला मला एक क्षणही लागला नाही.

भाविकाने दार ढकललं. घरात येऊन आठवडा नाही झाला आणि ती सासूला मांडीवर घेऊन न्हाणीत बसली होती. अंग गार, ओठ पांढरे, डोळे उघडे पण माझ्याकडे बघत नव्हते. इथे आणली तेव्हा बीपी सत्तर. सलाईन, नसेतून स्टेरॉइड, साखरेचं पाणी. दिपिका मॅडम स्वतः आल्या.

दुपारी मैना शुद्धीवर आली. मॅडमनी तिलाच विचारलं, "मावशी, सकाळची गोळी चुकली होती का?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडलं होतं मी. अगदी उघडलं होतं.

मैना म्हणाली, "मीच इसरली. लग्नाच्या गडबडीत. हे डबी भरून ठेवतात, मीच घेतली नाय."

"किती दिवस?"

"चार-पाच."

मॅडम तिला रागावल्या. सलाईन लागलेल्या बाईला, अंथरुणाला खिळलेल्या बाईला, माझ्यासमोर. "मावशी, मी किती वेळा सांगितलं होतं? जीव गेला असता." मैना ऐकून घेत होती. "चुकला माजा, मॅडम."

मी उघडलेलं तोंड मिटलं. बिचारीला खरंच वाटत असेल की ती विसरली. भ्रमात काय आठवणार?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सांधे परत सुजलेत. मनगटं, गुडघे, बोटं, सगळं एकदम. चमचा धरता येत नाही. भाविका भरवते. मालूताई पेज घेऊन आली आणि पलंगाशी बसून राहिली. ताई गप्प बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

मॅडमनी मला बाहेर बोलावलं. "काका, चार दिवस गोळी चुकली म्हणून त्या कोसळल्या, ते समजलं. पण आजार इतका उसळलाय, म्हणजे चालू औषधं पुरत नाहीयेत. पुढच्या आठवड्यापासून इंजेक्शनं सुरू करू. औषध जोरदार आहे, पण त्याने प्रतिकारशक्ती कमी होते. आधी टीबीची तपासणी करावी लागेल. साधा खोकलासुद्धा अंगावर काढायचा नाही."

मी विचारलं, "दुसरा उपाय नाही?"

"रविवारच्या गोळ्या नियमित चालू असून ही अवस्था असेल, तर नाही."

रविवारच्या गोळ्या. दोन रविवार त्या माझ्या शर्टाच्या खिशात होत्या.

म्हणजे माझं खोटं आता मैनाच्या नसेत जाणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज महाशिवरात्र. मालूताईने मैनासाठी उपास धरलाय, पाणीसुद्धा नाही. तिने तसं सांगितलं आणि मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

अकरा वाजता मॅडमच्या दाराशी गेलो. दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो आणि बसलोच नाही, उभ्या उभ्या सांगितलं. दहा नंबरच्या दोन, दहा दिवस. मग चार दिवस काहीच नाही. पिवळ्या गोळ्या दोन रविवार नाहीत.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना माहीत होतं?"

"नाही. मी एकट्याने केलं."

"काका, तुमच्याकडे येणारा ड्रायव्हर खोटं बोलला तर तुम्ही काय करता?"

"त्याला विचारतच नाही, मॅडम. गाडीला विचारतो."

"मीही त्यांच्या रक्ताला विचारलं होतं. साखरेचा मागच्या दोन-तीन आठवड्यांचा आकडा वर गेलेला दिसला. अडीचवर असं व्हायला नको. मी वाट बघत होते कुणीतरी बोलेल म्हणून." मग फाईल उघडली आणि इंजेक्शनच्या ओळीवर काट मारली. "आधी जुनी औषधं नीट सुरू करून दोन महिने बघू. स्टेरॉइड आता हळूहळू, पायरी पायरीने उतरवायचं. वेळ लागेल. तुम्ही मागे नेलीत त्यांना, सहा महिने तरी."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "डबी आता सुनेला भरायला सांगतो."

"का? तुम्हीच भरा. फक्त रोज गोळी देताना त्यांना सांगा, ही कशाची आणि किती."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मैना घरी आली. सकाळी गोळी तळहातावर ठेवून म्हटलं, "ही स्टेरॉइडची. दहाची. पुढच्या आठवड्यात साडेसात." ती हसली, "शाळा उघडली काय?"

मग मी सांगून टाकलं. सगळं. स्टूल, खिसा, घाट, टाकी.  ती खिडकीकडे तोंड करून पडली होती.

"तुमी एकटं नव्हता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"वरच्या कप्प्याला माजा हात पोचत नाय. तुमचा पोचतो, म्हनून तुमाला चढवला."

मला काही समजलं नाही. म्हटलं, "तू दमली आहेस, झोप." मला हलकं वाटावं म्हणून काहीतरी बोलली असणार. तिचा स्वभावच तसा.

थोड्या वेळाने, मला वाटलं झोप लागली, तर म्हणाली, "घागर घेऊन चालली ना, तवा कुनीच मना आजारी बोल्ला नाय."

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. नव्या सुनेची पहिली, म्हणून दुपारीच आळीतल्या पंधरा-वीस बायका दारात. भाविकाला आणि मैनाला गावच्या होळीवर न्यायचं, सासू-सुनेने बरोबर पूजा करायची. पुढे मालूताई. भाविका साडी नेसून तयार, पण ती आतल्या खोलीच्या दाराशी उभी. मैना जेवून झोपली होती. आता ती दुपारी झोपते. दोन तास. काही दिवशी तीन.

"मैनाला हाक मार," ताई म्हणाली. हाताने खूण केली, आज काय, उपास?

गुरुवार होता. उपासाला गुरुवारही चालतो, दत्त आहेत. जिभेवर आलं होतं माझ्या. खरं सांगायचं तर अगदी तयार होतं.

मी ओट्याच्या कडेला उभा राहिलो. म्हटलं, "मैना येणार नाही. तिला आजार आहे. दोन वर्षं झाली. सांध्यांचा आहे, पण नुसता सांध्यांचा नाही. औषधाने पण थकते ती. सोमवारचा उपास बिपास काही नव्हता, ते मी सांगत होतो."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं एवढं पुरे. पण तोंड थांबेना.

"आणि हळदीला ती नाचली ना, ते तिला मी गोळ्या जास्त दिल्या म्हणून. डॉक्टरला न विचारता. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. मग बंद केल्या, म्हणून ती पडली. तिने हॉस्पिटलात सांगितलं मीच विसरले. ती काही विसरली नव्हती. ते सगळं माझंच काम."

आवाज चढला होता माझा. गॅरेजमध्ये इंजिन चालू असताना बोलतो तसा.  मालूताईच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या ओठांवर ते तांदूळ निवडतानाचे शब्द परत येताना मला दिसले, आणि तिने ते गिळलेले पण दिसले.

तेवढ्यात आतून मैनाचा आवाज. झोपेतला, जड.

"आवो! काय सभा लावलीय? झोपू द्या ना मना. दार लोटा."

एक बाई फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला.

"जातो गो आमी," मालूताई आतल्या दिशेने म्हणाली. "तू झोप. सुनेला मी नेते."

मी दार लोटलं. बायका निघाल्या. एरवी या आळीत वीस बायका निघाल्या तर बोलण्याने कौलं हलतात. आज भाविकाच्या पैंजणांशिवाय काही ऐकू येत नव्हतं, आणि अंगण ओलांडायच्या आधीच ताईने तिला थांबवून तेही काढायला लावले. मालूताईने स्वतःच्या फटफट वाजणाऱ्या चपला पायांतून काढून हातात घेतल्या होत्या. फुफाट्यातून, भर उन्हात, अनवाणी.